सिग्नीनं ओढा साफ केला

तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि जत्रेत लेकरू हरवलेल्या बापासारखा इकडेतिकडे बघत होता. वरून बारीक पाऊस भुरभुरत होता. काठावर ट्रॅक्टर थांबवून सिग्नी त्याच्याकडे बघत बसली. तिला वाटलं, आला कुणीतरी गळ टाकणारा शहरी बाबू, हातातोंडाशी आलेला मासा सुटला म्हणून तोंड पाडून उभा आहे.

"काय हरवलं?" तिनं वरूनच विचारलं.

"झाडं."

"काय?"

"झाडं हो! इथं पाण्यात आडवी होती. काठाला तारेनं बांधलेली..." त्यानं दोन्ही हात पसरले. "सगळीच्या सगळी गेली. कुणी नेली असतील?"

सिग्नीच्या हातातलं स्टिअरिंग एकदम गार लागायला लागलं. कारण ती झाडं तिनंच नेली होती. मागच्याच आठवड्यात, याच ट्रॅक्टरनं, साखळी लावून. नशीब, साखळी तेवढी कोठारात ठेवून आली होती.

"कुजकी लाकडं कोण नेणार?" ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"कुजकी?" तो पाणी कापत काठाशी आला. "अहो, घरं होती ती! ट्राउट माशाला ऊन सोसत नाही, बगळ्याची भीती असते. लाकडाखाली सावली, गार पाणी, पिल्लांना लपायला जागा... मागच्या पानगळीत आमची माणसं गारठून राबली इथं. आणि कुणा महाभागानं..." त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं. "मला एकदा त्या माणसाचं तोंड बघायचंय. बस्स. एकदा तोंड बघायचंय."

आणि बघत होता सरळ तिच्याच तोंडाकडे. डोळे करडे, पापण्यांवर पावसाचे थेंब. वाईट वेळेला माणूस चांगला दिसावा, म्हणजे काय म्हणायचं!

"मी एमेट," तो म्हणाला. "ओढे दुरुस्त करणारी सरकारी तुकडी आहे ना, तिचा मुकादम."

"मी... सिग्नी. आर्विड हौगेनची मुलगी."

"म्हणजे हा ओढा तुमचाच! मग तुम्हाला काही दिसलं का? ट्रक वगैरे?"

"नाही," सिग्नी म्हणाली. "मी काही बघितलं नाही."

आता तुम्ही म्हणाल, पोरगी चोर की काय? अजिबात नाही. मी मर्ना, पलीकडच्या टेकडीवर राहते. सिग्नीची आई माझी जिवाभावाची मैत्रीण होती, ती गेल्यापासून पोर मला मावशी म्हणते. मी सांगते काय झालं ते.

आमच्या विस्कॉन्सिनच्या या खोऱ्यात माणसाची किंमत त्याच्या ओढ्यावरून करतात. आजे-पणजे नॉर्वेहून आले तेव्हापासूनचं आहे हे. पाणी आरशासारखं वाहिलं पाहिजे, काठ कातरलेला पाहिजे, ओढ्यात एक काटकी दिसता कामा नये. ओढ्यात लाकूड पडलेलं म्हणजे त्या घरात कर्तं माणूस उरलं नाही. आर्विडच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तो शहरात दवाखान्यात अडकला, म्हणून सिग्नी मिल्वॉकीची दाताच्या दवाखान्यातली नोकरी सोडून गाईंचं दूध काढायला घरी आली. आणि पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात आमच्या बायका तिला म्हणाल्या, "ओढा बघितलास का गं तुमचा? आई असती तर दिसला असता का असा?"

लाजेनं मेली पोर. दुसऱ्या दिवशी करवत घेऊन पाण्यात उतरली. इतकी वर्षं लोकांचे दात साफ केलेले, फटीत काही अडकलेलं दिसलं की ते काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तारा दिसल्या, तर तिला वाटलं कुणीतरी जुनं कुंपण टाकून दिलंय. त्याही कापल्या. लाकडं ओढून कोठारामागे नीट रचली, वर ताडपत्री घातली. मग मला हात धरून ओढा दाखवायला घेऊन गेली, आणि मीही म्हटलं, शाब्बास गं माझी बाई!

आर्विडनं वर्षापूर्वीच सरकारला परवानगी दिलेली होती. पण सांगेल तर तो आर्विड कसला! त्याच्या तोंडून दोन शब्द निघाले तर एक जास्त झाला म्हणून पस्तावणारा माणूस तो.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी नंतर तिला झापलं.

"सांगणारच होते गं मावशी. पण तो म्हणाला ना, तोंड बघायचंय... मग तोंडच उघडेना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून झाल्यावर बापाची छातीपर्यंतची रबरी विजार चढवून ती ओढ्यावर हजर. विजारीत आणखी एक सिग्नी मावली असती.

"मला कामाला घ्या," ती म्हणाली.

"पगार नाही हं मिळणार."

"नको."

"मग कशासाठी?"

"ओढा आमचा आहे म्हणून."

एमेट तिच्याकडे बघून हसला. ती हसली नाही. तिला वाटलं, हा असाच हसत राहिला तर आपण इथंच रडायला लागू.

आणि काम सुरू झालं. मेपलची झाडं मुळासकट आणायची, खोड काठाच्या मातीत गाडायचं, मुळांचा झुबका पाण्यात राहू द्यायचा. काठ जिथं भिंतीसारखा उभा तुटलाय तिथं तो उतरता करायचा, पायथ्याला दगड बसवायचे, वर गवताचं बी टाकून पेंढा पसरायचा. काठाखाली ओकच्या फळ्यांचे माळे घालायचे, माशांना आत शिरून बसायला.

"उलटं लावताय तुम्ही," सिग्नी म्हणाली. "मुळं पाण्यात आणि खोड जमिनीत? झाड असं लावतात का कुणी?"

"आम्ही लावतो. आमचं सगळंच उलटं असतं."

"ते दिसतंच आहे. टोपीसुद्धा."

त्यानं चिखलाच्या हातानं टोपी चाचपली. सरळच होती. "बरं," तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही अशा आहात तर."

"कशा?"

"कळेल हळूहळू," असं म्हणून तो दगड उचलायला वळला, आणि त्याचे कान लाल झालेले तिला दिसले.

एकदा शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय सटकला. विजारीत पाणी शिरलं, ती बदकन खाली बसणार तोच त्यानं तिचे खांद्यावरचे पट्टे पकडले.

"सांभाळ! वाहून जाशील."

"जाशील?" ती धापा टाकत म्हणाली. "कालपर्यंत तर अहो-जाहो चाललं होतं."

"बुडत्या माणसाला अहो-जाहो करत बसलं तर तो बुडतो."

"आणि काठावर आल्यावर?"

"काठावर आल्यावर... बघू."

काठावर आल्यावरही त्यानं पट्टे लगेच सोडले नाहीत. आणि तिनंही सोड म्हटलं नाही. मग दोघांना एकदमच आठवलं, आणि दोघं एकदमच पेंढा पसरायला धावली.

पाऊस वाढला की दोघं पुलाखाली बसायची. सिग्नी कारखान्यातून ताज्या चीजचे दाणे आणायची, दाताखाली चुकचुक आवाज करणारे. तो म्हणायचा, तुझा दाणा जास्त बोलतो. ती म्हणायची, तुझा गप्प आहे, शिळा घेतलास. असलं सगळं. जगात दुसरं काही कामच नसल्यासारखं.

पण एके दिवशी तिथंच बसून तो म्हणाला, "त्या वळणावर एक मोठ्ठं मेपलचं ओंडकं होतं. त्याच्याखाली एक म्हातारी ट्राउट राहायची. मी तिला आजीबाई म्हणायचो. रोज सकाळी जाऊन भेटायचो. ओंडक्याखालून नाक काढायची बाहेर, मला बघितलं की परत आत..." त्यानं एक खडा पाण्यात टाकला. "गेली असेल खाली कुठंतरी. नाहीतर बगळ्यानं नेली असेल."

सिग्नीनं हातातला दाणा खाली ठेवला. ते ओंडकं तिला चांगलं आठवत होतं. सगळ्यात जड तेच होतं.

"एमेट..."

"खरं सांगू?" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "झाडं गेलेली बघितली त्या दिवशी मी सोडूनच निघालो होतो. म्हटलं, ज्यांच्यासाठी करतोय त्यांनाच नको असेल तर मरू दे. दुसऱ्या दिवशी तू आलीस, बापाची विजार घालून. तू आलीस म्हणून मी थांबलो, सिग्नी. तुझ्यासारखं माणूस..."

"पुरे," ती ताडकन उठली. "पाऊस थांबलाय."

पाऊस मुळीच थांबला नव्हता. ती तशीच भिजत वर गेली. कौतुक असं टोचतं हे तिला ठाऊक नव्हतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात आर्विड काठी टेकत घरी आला. अंगण बघितलं, गाई बघितल्या, मग कोठारामागे गेला आणि काठीनं ताडपत्री उचलली. सिग्नी मागे उभी. बापानं ओंडक्यांना अजून लोंबणाऱ्या तारा बघितल्या, मग पोरीकडे बघितलं.

"छान रचलीस," तो म्हणाला.

"बाबा... त्याला सांगू नका ना."

"मी कशाला सांगू?" एवढं बोलून तो आत गेला. त्या "मी" वर त्यानं जरा जोर दिला होता. सिग्नी गाईच्या कुशीला डोकं टेकून खूप रडली. गाय बिचारी रवंथ करत उभी राहिली.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण पाप एकाचं आणि ताप दुसऱ्याला, तशी गत झाली. ओढ्याच्या खालच्या अंगाला ऑर्लिन राहतो, बायको गेलेला, तिरसट म्हातारा. तो चीज कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणायचा, "ओढ्यात कचरा टाकायला सरकार पगार देतं, वा रे वा!" झालं. झाडं गेली म्हटल्यावर गावानं बोट त्याच्याकडे दाखवलं. शुक्रवारी सगळं गाव बारमध्ये तळलेला मासा खायला जमतं, तिथं एमेट सरळ त्याच्या टेबलापाशी गेला.

"काका, लाकडं परत केलीत तर बरं होईल," तो म्हणाला. "कुणी काही बोलणार नाही."

ऑर्लिननं काटा खाली ठेवला. म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. लाकडं कुणी काढली ते मला ठाऊक होतं, पण पोरीनंच सांगावं म्हणून मीही जीभ आवरली. "माझ्या जमिनीत पाय टाकायचा नाही," तो म्हणाला आणि अर्धा मासा तसाच टाकून निघून गेला.

सगळ्यात वाईट तुटलेला काठ नेमका ऑर्लिनच्या वळणावर. तिथली माती दर पावसात ढासळते. तो काठ बांधला नाही तर सगळ्या खोऱ्याचा खर्च पाण्यात, असं वरच्या साहेबांचं म्हणणं. ऑर्लिन नाही म्हणाला म्हटल्यावर वरून हुकूम आला, सामान आवरा आणि दुसऱ्या जिल्ह्यात चला.

सिग्नी माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच तिनं मला सगळं सांगितलं.

"बोलले तर तो माझं तोंड बघणार नाही. नाही बोलले तर तो जातोच आहे, आणि काका मरेपर्यंत चोर राहतील," ती म्हणाली. "काय करू मावशी?"

"तुला माहीत आहे काय करायचं ते," मी म्हटलं. "मला विचारतेस ते फक्त उशीर करायला."

शनिवारी चर्चच्या तळघरात ओढ्यावर राबणाऱ्यांचं जेवण होतं. लांबच लांब टेबलं, कॉफीची भली मोठी भांडी, बटाट्याच्या पोळ्या लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. ऑर्लिनही आला होता. चर्चचं जेवण त्यानं कधी चुकवलं नाही. फक्त त्याच्या टेबलावर दुसरं कुणी बसलं नव्हतं. पलीकडे एमेट उभा राहून सगळ्यांचे आभार मानत होता, सोमवारी निघतोय म्हणत होता. सिग्नी कॉफी वाढत होती. ऑर्लिनपाशी आली, नजर एमेटकडे, आणि कॉफी टेबलभर सांडली.

"सांड, आणखी सांड," म्हातारा खालमानेनं म्हणाला. "चोराच्या टेबलाला कोण पुसतंय."

सिग्नीनं भांडं खाली ठेवलं.

"लाकडं काकांनी नाही नेली," ती म्हणाली. आवाज लहानच होता, पण एमेट बोलायचा थांबला. "मी काढली. मला वाटलं घाण आहे. मला... मला लाज वाटत होती लोक काय म्हणतील याची. नंतर कळलं, पण सांगायचीही लाज वाटली. काकांना चोर म्हणत होते तेव्हा मी तिथंच बसले होते. मासा खात होते."

आमच्या लोकांत आरडाओरडा करत नाहीत. आम्ही गप्प बसतो. त्यापेक्षा ओरडा परवडला! सगळं तळघर गप्प. मी डाव हातात धरून उभी. ज्या बायका तिला ओढ्यावरून बोलल्या होत्या त्या आपापल्या ताटात बघत होत्या, आणि बघायलाच हवं होतं त्यांनी. पोरीच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. ती पळाली नाही, तशीच उभी राहिली.

एमेटनं टोपी उचलली आणि जिना चढून निघून गेला. दार लागल्याचा आवाज आला.

खूप वेळानं ऑर्लिन खाकरला. "मर्ना," तो मला म्हणाला, "बटाट्याची पोळी आहे का अजून?"

मी त्याला दोन वाढल्या. आणि आर्विड काठी टेकत उठला, आपलं ताट घेऊन ऑर्लिनसमोर जाऊन बसला. दोघं एक शब्द न बोलता जेवले.

सिग्नी घरी गेली ती थेट कोठारामागे. ताडपत्री ओढून काढली, साखळी लावली, आणि ते सगळ्यात जड मेपलचं ओंडकं ओढत ओढ्यावर आणलं. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. पाण्यात उतरून ती ओंडक्याशी झटत होती, ओंडकं तिचं ऐकत नव्हतं. रडताना नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"मुळं पाण्याकडे," मागून आवाज आला. "किती वेळा सांगायचं?"

ती वळली नाही. "तू गेलास ना?"

"गेलो होतो. ऑर्लिनकाकांच्या गाडीपाशी पावसात उभा होतो. भर बारमध्ये चोर ठरवलं मी त्यांना, काही न बघता. लाज काय एकट्या तुझीच आहे?"

"मग... काय म्हणाले?"

"म्हणाले, सोमवारी ये. आणि फाटक लावून घेत जा."

सिग्नीला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यानं उचकी लागली. एमेट पाण्यात उतरला, ओंडक्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते काठाला बसवलं. मग तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"खूप आलाय."

"हो."

"दाणे खाताना, पुलाखाली... एवढे दिवस! एकदा सांगावंसं नाही वाटलं?"

"रोज वाटलं. तू रोज जास्त चांगला वागायचास, मग रोज जास्त अवघड व्हायचं."

पाणी ओंडक्याला वळसा घालून वाहायला लागलं होतं, खाली थोडी सावली पडली होती.

"इतका राग आलाय," तो म्हणाला, "आणि तरी मी इथंच आलोय. याला काय म्हणायचं?"

"मूर्खपणा."

"आमच्याकडे दुसरा शब्द आहे."

सिग्नीनं ओल्या बाहीनं चेहरा पुसला. चिखल उलट जास्तच पसरला. मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, हनुवटी वर करून.

"तुला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं ना? ज्यानं हे केलं त्याचं?" ती म्हणाली. "बघ."

त्यानं बघितलं. कपाळावरचा चिखल, लाल नाक, सुजलेले डोळे... सावकाश, काही एक न चुकवता.

"झालं बघून?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"नाही," तो म्हणाला. "याला वेळ लागणार आहे. ऑर्लिनकाकांचा काठ होईपर्यंत तर लागेलच. मग हिवाळा आहे, हिवाळ्यात मला दुसरं काम नसतं..."

"एमेट, तू मला विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय गं. मला असंच येतं, उलटं."

आणि तिनं त्याची टोपी धरून त्याला खाली ओढलं. भर दुपारी, ओढ्याच्या मधोमध, रस्त्यावरून सगळ्या गावाला दिसेल अशा जागी. मी चर्चमधून भांडी घेऊन घरी निघाले होते, मी बघितलं. माझ्यापुढे ऑर्लिनची गाडी होती. त्यानं पुलावर थांबून लांबलचक हॉर्न दिला. दोघांना ऐकूच गेला नाही.

"काय गं," दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "सगळ्या रस्त्यासमोर! लाज नाही वाटली?"

"नाही ना, मावशी," ती म्हणाली. "होती नव्हती तेवढी सगळी तुमच्या तळघरातच खर्च झाली."